सोडून जावेंसें वाटतें तेव्हां

गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं आम्ही रोह्याच्या स्थानकावर दिव्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलों होतों. गाडीस उशीर होता, आणि कुंडलिकेच्या खोऱ्यांत पाऊस असा लागला होता कीं पलीकडचा डोंगरही दिसेना. शेजारीं एक तरुण येऊन बसला. बोलतां बोलतां ओळख निघाली. तो धाटावच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत पाळीवर काम करतो, आणि आपल्या खेड्यांतील लहानशा मंडळीची रविवारची उपासनाही तोच चालवितो. घरीं म्हातारी आई, पत्नी व दोन मुलें आहेत. घराचा आणि मोटारसायकलीचा मिळून दरमहा हप्ता आहे. मध्येंच तो एकाएकीं म्हणाला, "पाळकसाहेब, हें सारें टाकून कोठें तरी निघून जावें, असें फार वाटतें. डोंगरांत एक झोपडी, दोन भांडीं, शास्त्र आणि प्रार्थना. आणखी मला कांहीं नको."

आम्ही त्यास त्या वेळीं थोडेंच बोललों, आणि जें बोललों तें फारसें उपयोगाचें नव्हतें. त्याचा प्रश्न मात्र आमच्या मागें लागला तो अद्याप सुटलेला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं, विशेषतः खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधूंपैकीं, कित्येकांच्या मनांत हाच विचार अधूनमधून येत असेल. कोणी बोलून दाखवितो, कोणी दाखवीत नाहीं, इतकेंच. म्हणून त्याविषयीं येथें थोडें सविस्तर लिहितों.

ही इच्छा हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीचे लोक मठ हा शब्द ऐकतांच नाक मुरडतों, जणुं काय तेथें आळशी लोकांवांचून दुसरे कोणी कधीं राहिलेच नाहींत. परंतु बाप्तिस्मा करणारा योहान रानांतच राहत होता, आणि प्रभु स्वतः चाळीस दिवस अरण्यांत होता. पुढेंही लोकांची गर्दी वाढली म्हणजे तो एकटा डोंगरावर जाऊन रात्र प्रार्थनेंत घालवीत असे. ज्याच्या अंतःकरणांत एकांताची ओढ मुळींच उत्पन्न होत नाहीं, त्याच्याविषयींच आम्हांस अधिक काळजी वाटेल.

शिवाय या तरुणाचें आयुष्य पाहावें. एका आठवड्यांत दिवसपाळी, दुसऱ्यांत रात्रपाळी. झोपेची वेळ ठरलेली नाहीं, जेवणाची नाहीं. खिशांतला मोबाईल उपासनेच्या वेळींही थरथरतो. मुकादमाचा निरोप, बँकेचा निरोप, मंडळीच्या गटांत कोणी टाकलेलें भांडण, सर्व एकाच चौकटींतून येतें. पेणपासून खालीं महामार्ग रुंद करण्याचें काम किती वर्षें चाललें, आणि त्या धुळींत व खड्ड्यांत किती माणसांचे दिवस गेले, हें त्या वाटेनें जाणाऱ्यास सांगावयास नको. त्याच्या आजोबांचा दिवस खाडीच्या भरतीओहोटीनें ठरत असे. याचा दिवस भोंग्यानें ठरतो. तथापि आजोबांच्या दिवसांचें गोड चित्र काढण्यासही आम्ही तयार नाहीं. त्या दिवसांत खारबंदिस्ती फुटली म्हणजे शेत खारवून जाई, सावकार दारांत बसे, आणि एका पटकीच्या सांथींत निम्में घर रिकामें होई. साधेपणा होता खरा, पण तो कोणीं निवडलेला नव्हता.

हाच मुद्दा आमच्या मनांत फार घोळतो. याच पेण आणि रोहे तालुक्यांत कातकरी बंधूंच्या वाड्या आहेत. पावसाळा संपला कीं त्यांतील पुष्कळ कुटुंबें मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि पुन्हां पाऊस पडेपर्यंत तेथेंच राहतात. एक झोपडी, दोन भांडीं. आमच्या तरुण मित्रानें मागितलेली सामग्री नेमकी त्यांच्यापाशीं आहे. त्यांस कोणी साधु म्हणत नाहीं. ज्याच्यापाशीं टाकण्यासारखें कांहीं आहे त्याच्याच त्यागाचें कौतुक होतें, आणि ज्याच्यापाशीं नाहीं त्याची गणना केवळ दरिद्र्यांत होते. यावरून त्याग खोटा ठरतो असें नव्हे. परंतु झोपडी आणि दोन भांडीं यांतच पवित्रता असती तर ती वीटभट्टीवर केव्हांच उतरली असती.

आतां डोंगरांतील झोपडीविषयीं. रोह्याच्या दक्षिणेस तळें तालुक्यांत, मांदाडच्या खाडीजवळ, कुडा येथें बौद्ध भिक्षूंचीं लेणीं आहेत. तीं सव्वीस असून सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तीं कोरण्यास आरंभ झाला. पावसाळ्यांत त्या डोंगरावर उभें राहिलें म्हणजे वाटतें, एकांत म्हणतात तो हाच. खोल्या लहान, आंत दगडाचा ओटा, समोर खाडीचें पाणी. परंतु भिंतींवरील लेख ज्यांनीं वाचले त्या विद्वानांनीं दात्यांचीं जीं वर्णनें दिलीं आहेत, त्यांत एक वैद्य आहे, एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे, आणि त्या प्रांतांतील अधिकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियाही आहेत. भिक्षूच्या एकांताचें दाम कोणा गृहस्थानें मोजलें होतें. आणि त्या काळीं ती खाडी ओसाड नसून व्यापाराच्या वाटेवर होती. जग सोडलेला मनुष्य जगापासून भिक्षेच्या अंतरावरच राहत होता. त्याहून दूर गेला असता तर उपाशी मेला असता. यांत त्या भिक्षूंचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. माळ्यानें आपल्या कमाईंतून दगड कोरविला, तेव्हां त्यालाही त्या एकांतांत आपला कांहीं वांटा आहे असें वाटलें असेल. परंतु सोडून जाणारानें हें विसरूं नये कीं त्याच्या मागें एक माळी लागतो.

आम्हांस हें पुस्तकांतून कळलें नाहीं. तिशीच्या सुमारास आम्हीही असेच एकदां निघालों होतों. मंडळींत दोन घरांचा तंटा चालला होता, दोन्ही बाजूंचे लोक आमच्यावर रागावलेले, आणि घरीं धाकटें मूल तापानें आजारी. सुकेळी खिंडीच्या बाजूस एका ओळखीच्या मनुष्याची शेतावरील खोपी रिकामी होती. पंधरा दिवस उपास व प्रार्थना करावी म्हणून आम्ही तेथें गेलों. पहिले दोन दिवस आम्हांस जें सुख लाभलें त्याची आठवण अजून येते, तें खोटें होतें असें म्हणणें हा कृतघ्नपणा होईल. उपास मात्र दुसऱ्याच दिवशीं सुटला, कारण वाडीवरची एक कातकरी म्हातारी सकाळीं तांदळाची भाकर व थोडी भाजी घेऊन आली. ती रोज येऊं लागली. पांचव्या दिवशीं आम्हीं तिला विचारलें, "आजी, इतक्या लवकर कशी येतेस?" ती म्हणाली, उशिरा आलें तर मजुरीची खेप चुकते. म्हणजे आमच्या एकांताकरितां ती अंधारांत उठून, आपली चूल पेटवून, डोंगर चढून येत होती, आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या कामावर उभी राहत होती. आम्ही मात्र तिच्यासाठीं मोठ्या भक्तीनें प्रार्थना करीत होतों.

आठव्या दिवशीं आम्ही घरीं आलों. मुलाचा ताप उतरला होता. पत्नीनें आम्हांस एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. ओसरीवर लांकडांचा भारा होता. तो तिनें स्वतः वाहून आणिला होता, आणि तिच्या मानेवर दोरीचा वळ दिसत होता. यापुढें या विषयावर आम्हीं कोणास उपदेश केला असेल तर तो वळ डोळ्यांपुढें ठेवूनच केला आहे.

पेण तालुक्यांत गागोदें म्हणून गांव आहे. तेथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढें जग त्यांस विनोबा म्हणून ओळखूं लागलें. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत, आणि मूल आजोबा व आई यांच्या सहवासांत गागोद्यास वाढलें. घरच्या झाडाचा फणस कापला कीं पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरीं पोंचवून यावयाचे आणि मग आपण खावयाचें, अशी आईची शिस्त होती, असें ते सांगत असत. या मुलाच्या मनानें लहानपणींच ब्रह्मचर्याचा निश्चय केला होता. पुढें शिक्षणाकरितां तो बडोद्यास गेला. एके दिवशीं त्यानें आपलीं शाळेचीं प्रमाणपत्रें आईच्या चुलींत घातलीं. आणि २५ मार्च १९१६ रोजीं इंटरच्या परीक्षेस म्हणून मुंबईच्या गाडींत बसला तो सुरतेस उतरून काशीकडे निघून गेला. त्या वेळीं त्याचें वय वीस वर्षांचें होतें.

आमच्या तरुण मित्रास जें करावेंसें वाटतें तें या मुलानें खरोखरच केलें. पुढें काय झालें हें मात्र नीट पाहावें. काशीस तो अन्नछत्रांत जेवी, संस्कृत शिके, आणि त्याचें मन हिमालयाकडे लागलेलें होतें. दुसऱ्या बाजूनें बंगालच्या क्रांतिकारकांचेंही आकर्षण होतें. इतक्यांत गांधीजींनीं त्याच वर्षीं फेब्रुवारींत काशी येथें केलेल्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनांत आला. पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजीं तो अहमदाबादेजवळ कोचरबच्या आश्रमांत दाखल झाला. तेथें त्यास मिळालें काय? भाजी चिरण्याचें काम, जातें, झाडू आणि पायखाना. हिमालयास निघालेला मनुष्य जात्यापाशीं येऊन बसला, आणि आपणांस हवी होती ती शांति व हवी होती ती क्रांति दोन्ही तेथेंच सांपडलीं, असें त्यानें पुढें स्वतः सांगितलें.

त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्यांतील भूदानाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें शंभर एकरांचें पहिलें दान मिळालें, आणि मग तेरा वर्षांहून अधिक काळ ते पायीं हिंडले. चाळीस लाख एकरांच्या वर जमीन कागदोपत्रीं मिळाली; तिच्यापैकीं पुष्कळशी भूमिहीनांच्या हातीं पोंचलीच नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. आम्हांस त्या मोठ्या यात्रेहून पवनारजवळच्या सुरगांवची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९४६ च्या सुमारास ते खांद्यावर फावडें टाकून रोज त्या खेड्यांत जात आणि रस्त्यावरील मैला उचलीत. घर सोडलेल्या मनुष्यानें दुसऱ्यांच्या दाराशीं जाऊन तेंच काम केलें, जें घरोघरीं कोणीतरी नाक दाबून करीतच असतें.

तथापि त्यांच्या आईची आठवण येथें टाळतां येत नाहीं. तिचे तिन्ही मुलगे ब्रह्मचारी राहिले. मोठा न सांगतां गेला. १९१८ सालीं ती वारली. ती भक्तिमान् होती, आणि मुलाचा तिनें राग केला नाहीं असें म्हणतात. परंतु ती मुलाची माता होती, आणि सुरतेहून वळलेल्या त्या गाडीची किंमत तिच्या घरांत मोजली गेली, एवढें आम्ही म्हटल्याशिवाय राहणार नाहीं. विनोबांस खरें पाचारण होतें असें मानलें तरी ही किंमत नाहींशी होत नाहीं.

आपल्या मंडळींतलें उदाहरण घ्यावयाचें तर नारायण वामन टिळकांचें घ्यावें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. बावीस वर्षांनीं, १९१७ सालीं, त्यांनीं मिशनची नोकरी व पगार सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही यावेत अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजीं ते वारले, म्हणून त्या झाडास फळ कसें आलें असतें हें पाहावयास मिळालें नाहीं. टिळक थोर होते, आणि त्यांच्या अभंगांनीं आमच्या उपासनेस मराठी जीभ दिली. पण तरुणपणापासून ते घरांतून उठून चालते होत, आणि लक्ष्मीबाईंस त्याची झळ किती लागली हें 'स्मृतिचित्रें' वाचणारांस ठाऊक आहे. तें पुस्तक वाचतांना आपण हंसतों; बाई स्वतःच हंसवितात. हंसून झालें कीं मग चूल कोणीं पेटविली असेल असा विचार मनांत येतो.

चौथ्या शतकापूर्वीं मिसर देशांत अंतोनी नांवाच्या तरुणानें मंदिरांत धनवान तरुणाचा शुभवर्तमानांतील वृत्तांत ऐकिला आणि वडिलोपार्जित जमीन वांटून तो रानांत गेला. मठवासी जीवनाचा उगम पुष्कळदां त्याच्यापासून मोजतात. त्याला एक धाकटी बहीण होती. आईबाप नुकतेच वारले होते. तिला त्यानें ओळखीच्या धार्मिक स्त्रियांच्या स्वाधीन केलें. त्या मुलीस कोणी विचारलें होतें काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. उलट मार्टिन लूथर १५०५ सालीं एरफुर्टच्या मठांत गेला, आणि वीस वर्षांनीं त्यानें पूर्वीं जोगीण असलेल्या काथारीनेशीं विवाह केला. त्यांचा संसार विटेनबर्ग येथें थाटला गेला तो तेथील मठाच्या इमारतींत. जेथें पूर्वीं घंटेवर प्रार्थना होत होत्या तेथें मुलें रडूं लागलीं, विद्यार्थी जेवावयास बसूं लागले, आणि ती बाई बाग, गुरें व मद्याची भट्टी सांभाळूं लागली. लूथरनें मठ मोडला असें लोक म्हणतात; आम्हांस वाटतें, त्यानें त्याच भिंतींच्या आंत घर मांडलें. प्रार्थना त्यानें कमी केली नाहीं.

रोहें गांवाचेंही एक उदाहरण आहे. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजीं तेथेंच झाला. त्यांचा व आपला धर्म निराळा. परंतु त्यांनीं कोणास घर सोडावयास सांगितलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांच्या स्वाध्याय परिवारांतील मनुष्य वर्षांतील कांहीं दिवस काढून, स्वतःच्या खर्चानें, परक्या खेड्यांत जातो व परत आपल्या कामावर येतो. कोळी पाळीपाळीनें एका सामाईक नावेवर जातात. शेतकरी सामाईक शेतांत थोडे दिवस राबतात. थोडे दिवस, आणि मग घर. गागोद्याचा मनुष्य निघून गेला, रोह्याचा राहिला, आणि दोघांच्याही हातून कामें झालीं.

मग त्या तरुणास सांगावें काय? आमच्या मनांत एलीया संदेष्ट्याची गोष्ट येते. तोही सर्व टाकून रानांत गेला आणि एका झुडपाखालीं पडून आपणांस मरण यावें असें म्हणूं लागला. देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. त्यास भाजलेली भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां झोपूं दिलें. एकदां नव्हे, दोनदां. डोंगरावरील वाणी पुढें आली, आणि तिनेंही त्यास आलेल्या वाटेनें परत पाठविलें. पुष्कळदां ज्यास आपण पाचारण म्हणतों ती झोपेची तूट असते. चार रात्री नीट झोप मिळाल्यावरही जी ओढ राहते तिचाच विचार करावा. आमच्या मंडळ्यांचे वडील रात्रपाळी करून आलेल्या उपदेशकास रविवारीं सकाळीं आठ वाजतां उभा करतात, दुपारीं सभेस बसवितात, संध्याकाळीं आजाऱ्याच्या घरीं नेतात, आणि मग त्याच्या उपदेशांत पूर्वींचा जोम नाहीं म्हणून कुजबुजतात. डोंगरांतील झोपडीचें स्वप्न त्याला आपणच दाखविलें आहे.

आणि गरसेकरांच्या प्रांतांतील तो मनुष्य! कबरांमध्यें एकटा राहण्याचा त्यास पुरेपूर अनुभव होता. प्रभूनें त्यास बरें केल्यावर त्यानें तारवांत बरोबर येऊं देण्याची विनंती केली. इतर कित्येकांस प्रभूनें घर सोडावयास लाविलें. यास मात्र घरीं, आपल्या माणसांकडे, पाठविलें. एकच नियम सर्वांस लाविला नाहीं. म्हणून अमक्यानें जावें, तमक्यानें राहावें, असें आम्ही कोणाविषयींही दुरून सांगूं शकत नाहीं. ज्यास जावयाचें आहे त्यानें घरांतील माणसांस विचारून, त्यांच्या तोंडाकडे पाहून, दिवसाढवळ्या जावें. आपल्या भाकरीची वाट कोणाच्या अंगणांतून येणार हें आधीं पाहावें. आणि जो राहतो त्यास दिवसांतून अर्धा तास दार लावून घेण्याची मोकळीक असावी. ती मोकळीक पत्नीलाही असावी. किंबहुना तिला आधीं असावी. तिला डोंगरांत जावेंसें वाटतें कीं नाहीं, हें आजपर्यंत किती पुरुषांनीं विचारलें आहे?

त्या संध्याकाळीं यांतील फारसें कांहींच आम्ही बोललों नाहीं. अखेर गाडी आली. तरुणानें आमची पिशवी उचलली, गर्दींतून वाट काढून ती आंत फळीवर ठेविली, आणि तो पुन्हां खालीं उतरला. आम्ही म्हटलें, "तूं येत नाहींस काय?" तेव्हां तो ओशाळून हंसला. तो कोठेंच जावयास आला नव्हता. रात्रीच्या पाळीस अवकाश असला म्हणजे तो घटकाभर स्थानकावर येऊन बसतो आणि जाणाऱ्या गाड्या पाहतो. भिजूं नये म्हणून त्यानें जेवणाचा डबा सदऱ्याखालीं धरिला होता, आणि गाडी हलेपर्यंत तो पत्र्याखालीं उभा होता.